चारही होऊन राहिले

पुण्यात नोकरीला लागले, त्या पहिल्याच महिन्यात ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मला जेवायला बोलावलं होतं. उशीर झाला म्हणून तिचा फोन आला, तर मी रिक्षातून म्हणाले, "तुझ्याकडेच येऊन राहिली." ती हळूच म्हणाली, "येऊन राहणार? किती दिवस? घरमालकांना विचारावं लागेल गं."

आमच्या वऱ्हाडात 'येऊन राहिली' म्हणजे 'येते आहे'. मुक्कामाचा त्यात काही संबंध नाही. पण त्या दिवसापासून मी सहा वर्षं जीभ सांभाळून 'येतेय, करतेय, जेवतेय' असं बोलले, आणि अमरावतीला परत आले तेव्हा आठ दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

परतण्याचं कारण बाबा. आई गेल्यावर ते एकटे होते आणि पुण्याला यायला तयार नव्हते. "तिथं मले कोन ओयखते?" एवढंच त्यांचं म्हणणं. इथे भाजी आणायला निघाले तर चौकापर्यंत चार जण त्यांना थांबवतात. आमच्या मॅडमनी, म्हणजे मी ज्यांच्या हाताखाली काम करते त्यांनी, नाखुशीनेच मला घरून काम करायची परवानगी दिली. "तीन महिने बघू. एक जरी काम वेळेवर गेलं नाही, तर बॅग भरून पुण्याला." मला परत जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारची ही गोष्ट. आम्ही वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. अकोल्याच्या एका वाचनालयाला त्या दिवशी चार वाजेपर्यंत नवी आवृत्ती द्यायची होती. त्यांच्याकडे चार तऱ्हेची यंत्रं, त्यातलं तेल्हाऱ्याच्या शाखेतलं तर मी शाळेत असताना घेतलेलं असावं. चार यंत्रं म्हणजे चार वेगळी पॅकेजेस. लिहिलेल्या कोडचं असं चालवण्याजोगं पॅकेज तयार करणं म्हणजे बिल्ड. एरवी ते पुण्यातला सर्व्हर करतो, पण तो नेमका त्या आठवड्यात बंद पडलेला. मग काय, माझ्याच कॉम्प्युटरवर करायचे.

एकामागून एक केले असते तर संध्याकाळ झाली असती. म्हणून मी एक वाजता चारही एकदम सुरू केले. पडद्यावर चार खिडक्या, चारींत अक्षरांचा पाऊस, आणि आतला पंखा असा घोंघावू लागला की शेजारच्या काकूंनी विचारलं, मिक्सर नवा घेतला का? बाबांनी न विचारता कूलरचं तोंड माझ्याकडून काढून कॉम्प्युटरकडे वळवलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी घामाघूम, कॉम्प्युटर मजेत.

पाऊण तासाने एक खिडकी हिरवी झाली आणि लगेच उरलेल्या तिन्ही लाल. शोधल्यावर कळलं ते असं: चारही बिल्ड आपल्या तात्पुरत्या फायली एकाच फोल्डरात टाकत होते. पहिल्याचं काम संपलं, त्याने शहाण्यासारखा जाता जाता फोल्डर झाडून काढला, आणि तिघांचं अर्धवट सामान केरात गेलं. पहिल्याचं पॅकेज उघडून पाहिलं, तर त्यातही तिसऱ्याच्या फायली शिरलेल्या. सर्व्हरवर कोणीतरी ही काळजी आधीच घेतलेली असल्याने मला कधी ती करावी लागली नव्हती.

मी स्वतःवरच चिडून हे बाबांना सांगितलं. ते भाजी चिरत होते. म्हणाले, "एकाच गंजात डाय, भात, भाजी अन् चाहा टाकला, त कोनतं शिजन? चार गंज घे ना वं माय."

गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. कॉम्प्युटर शिकायला मी चार वर्षं घालवली होती, आणि इथे निवृत्त तलाठी वांगं चिरता चिरता निकाल देत होते. मी चार फोल्डर केले, प्रत्येक बिल्डला आपापला नेमून दिला आणि दोन वाजता पुन्हा चारही सुरू केले.

दहा मिनिटांनी मॅडमचा मेसेज आला: "काय स्थिती?" माझे डोळे चारही खिडक्यांवर. मी घाईत टाइप केलं: "चारही होऊन राहिले."

मॅडमचा अंगठा आला. मला वाटलं, समजल्या. त्या समजल्याही, पण त्यांच्या पद्धतीने: चारही होऊन तयार राहिले आहेत. त्यांनी तत्परतेने अकोल्याला कळवलं की काम झालं, उतरवून घ्या.

अडीच वाजता फोन. एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला अकोल्याचे ग्रंथपाल. मॅडमचा आवाज कूलरपेक्षा गार. "अगं, तू झालं म्हणालीस. त्यांनी उतरवून घ्यायचा फोल्डर रिकामा आहे."

मला बॅग भरलेली दिसू लागली, आणि एकट्याची भाजी चिरणारे बाबाही. मी काही बोलायच्या आत ग्रंथपाल म्हणाले, "ताई, इथं त काहीच दिसून नाही राहिलं. तुमचं काय चालू आहे?"

"भाऊ, आता होऊन राहिले," माझ्या तोंडून निघालं. "साडेतीनले भेटतीन."

"होऊन राहिले ना? मंग काहून घाबरून राहिल्या? मी तोवर जेवून घेतो."

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. "झालेत की होतायत?"

"होऊन राहिले!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

मॅडम हसल्या. तीन महिन्यांत मी त्यांना हसताना पहिल्यांदाच ऐकलं.

तीन वीसला चौथी खिडकी हिरवी झाली. पावणेचारला अकोल्याहून निरोप आला की चारही पॅकेजेस चालली, तेल्हाऱ्याचं म्हातारंसुद्धा. मी कूलरपुढे जाऊन बसले आणि बाबांच्या हातची भाजी तशीच, नुसती खाल्ली.

सोमवारी सकाळी मॅडमचा मेसेज आला: "तीन महिने संपले. पुण्याला कधी येतेस?"

मी आडपडदा न ठेवता लिहिलं, "मॅडम, सगळी कामं वेळेवर गेली. मला यायचं नाही. बाबा इथे आहेत. मी इथेच राहून राहिली."

त्या टाइप करत होत्या, थांबत होत्या, पुन्हा टाइप करत होत्या. बाबा चहाचे दोन कप घेऊन माझ्यामागे उभे होते. चष्मा नसल्याने त्यांना काही दिसत नव्हतं, तरी ते पडद्याकडेच बघत होते.

शेवटी उत्तर आलं: "बरं. राहून राहा."

वऱ्हाडीत असं कोणी म्हणत नाही. मी दुरुस्त केलं नाही. बाबांना तेवढं वाचून दाखवलं.

त्यांनी कप खाली ठेवले, डोळे पुसले आणि म्हणाले, "शिकून राहिली बिचारी."