बिस्मथची तार आणि वर्ध्याचं ऊन

"उन्हानंच गेली," बाबा ओसरीवर कुणाला तरी सांगत होते. मी आत आत्याच्या साड्यांच्या घड्या घालत होते. तिला जाऊन महिना झाला, तरी भेटायला येणारे थांबले नव्हते आणि बाबांचं वाक्य बदललं नव्हतं.

सुमनआत्या बाबांची थोरली बहीण, मूळची आंजी गावची. वर्ध्याच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची, आमच्याकडेच राहायची. माझी शाळा इंग्रजी, मराठी बोलताना अडखळायचे, म्हणून घरात गप्पच असायचे. तिच्या प्रयोगशाळेत गप्प बसणं चालून जाई. मोठ्या विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये ती बिस्मथची बारीक तार ठेवायची. चुंबक सुरू केला की तारेचा विजेला होणारा रोध वाढायचा, मीटरचा काटा सरकायचा. तांब्याची तार ठेवली तर काटा ढिम्म. "तांब्याले काई समजत नाई वं," ती हळूच म्हणायची, "आमच्या विभागप्रमुखासारखं."

विभागप्रमुखांचं म्हणणं, चुंबकाचं वेटोळं तापतं, त्यानं तार तापते, त्यात एप्रिलचं ऊन, रोध वाढणारच. आत्यानं त्यांच्यासमोर चुंबकाचा स्विच बंद केला. काटा लगेच मागे आला. "गरमी अशी स्विचनं जाते का, सर?" सर हसले. "बाई, घरी जा, आराम करा. ऊन फार आहे."

या मे महिन्यात तिचा डावा हात दुखू लागला, जिना चढताना छाती भरून यायची. "ऊन लागलं तुले, ताई. कांदा ठेवत जा जवळ," बाबा म्हणाले. ती कैरीचं पन्हं प्यायली, पदराला कांदा बांधून हिंडली... तिच्यासारखी बाई. "भाऊ, कूलरच्या गारव्यातबी दुखून राह्यलं. दवाखान्यात ने मले." बाबा म्हणाले, "अंगात मुरलं असंन. पाऊस पडला का जाऊ." एवढी शिकलेली, पगार मिळवणारी, पण दवाखान्यात बाईनं एकटं जायची रीत आमच्या घरात नव्हती, आणि तीही ती मोडू शकली नाही. एका पहाटे ती उठलीच नाही.

ओसरीवरचे पाहुणे म्हणाले, "यंदा ऊनच तसं होतं." बाबांनी मान हलवली. हातातली साडी तशीच घेऊन मी बाहेर गेले. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"बाबा, ती तुम्हाला दवाखान्यात ने म्हणाली होती. मी तिथेच बसले होते."