नाव टाकलेली भांडी

घर रिकामं करायला घेतलं की आपले पूर्वज कचरा साठवण्यात किती कर्तबगार होते ते कळतं. सिहोऱ्याच्या आमच्या घरात मला सात मोडक्या छत्र्या सापडल्या. डबाभर झाकणं सापडली, त्यातलं एकही घरातल्या कुठल्या बाटलीला बसत नव्हतं. शिवाय बाबांनी कापडात गुंडाळून जपलेलं सायकलचं एक हँडल. सायकल कोणाची, हे आईलाही माहीत नव्हतं, आणि बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती.

मी त्यांची एकुलती एक लेक. नागपुरात शाळेत शिकवते, म्हणजे लोकांच्या पोरांवर ओरडायचा पगार घेते. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. मागच्या उन्हाळ्यात ती न्हाणीत घसरली आणि शेजारची काकू विरजण मागायला येईपर्यंत दोन तास तिथंच पडून राहिली. "पडली नोहती, बसली होती," असं ती अजूनही सांगते. पण त्यानंतर घर विकायला ती कबूल झाली. अट एकच. नागपुरात ती माझ्या घरी राहणार नव्हती.

"लेकीच्या घरी पाहुन्यासारखं जावं अन् दोन दिवसात वापस यावं," ती म्हणाली. "मले एखादी खोली पाहून दे."

हे तिचं जुनंच होतं. माझ्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण तिनं कधी माझ्या घरचा दाणा खाल्ला नाही. आली की पिशवीत आपले तांदूळ, आपली डाळ बांधून आणायची आणि तेवढंच शिजवून खायची. माझ्या नवऱ्याला तर पहिली दोन वर्षं वाटायचं, की आमच्या तांदळात किडे निघत असतील. मी भांडून पाहिलं, रडून पाहिलं, हल्ली मुलगा-मुलगी कसे सारखे असतात यावर भाषणही दिलं. ती ऐकून घ्यायची आणि आपलीच डाळ शिजत घालायची.

म्हणून या वेळी मी सरळ खोटं बोलले. म्हटलं, खोली मिळाली, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. ती रोज फोनवर खोलीची चौकशी करायची आणि मी रोज खोलीत एक सोय वाढवायची. नळ झाला, पूर्वेची खिडकी झाली, दारासमोर कडुनिंबही उगवला. शेवटच्या आठवड्यात मी खोलीला रंग द्यायला घेतला. खोली अर्थातच नव्हती. आईला सामानासकट माझ्या दारात उतरवायचं आणि पुढचं पुढे बघायचं, एवढीच माझी योजना. ती त्याच पावली फिरेल आणि काकूच्या पडवीत जाऊन राहील, ही भीती होतीच.

कपाटं गेली, पलंग गेले, भंगारवाल्यानं शुक्रवारी एक फेरी नेली. उरली पितळेची भांडी. आमच्याकडे लग्नात भांडं द्यायचं तर त्यावर नाव टाकून द्यायचं. कोणी दिलं, कोणाला दिलं, कशाबद्दल दिलं, सगळं कोरलेलं. घेणाऱ्याला विसरायची सोयच नाही. ही भांडी आईनं पन्नास वर्षं घासली होती. नागपूरच्या माझ्या स्वयंपाकघरात ती ठेवायची तर आम्हा दोघांना बाल्कनीत झोपावं लागलं असतं. मी गावाच्या ग्रुपवर फोटो टाकले आणि लिहिलं, रविवारी सकाळी अंगणात, वाजवी भावात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिली आली काकू. तिनं भाव विचारला नाही. पाणी भरायचा एक गुंड उचलला, उलटा केला, चष्मा पदरानं पुसला आणि अक्षर न् अक्षर वाचलं.

"हा तं माह्या सासऱ्यानं देल्ला होता."

"मग तुम्हीच घ्या ना," मी म्हटलं. "तुम्हाला कमी करून देते."

"आमचाच गुंड आमाले इकून राहिली का? बाप्पा!"

गुंड कडेवर घेऊन ती चालायला लागली. आईनं अडवावं ना? तर आई पडवीतून ओरडली, "झाकन राहिलं वं, झाकन घेऊन जाय!"

तासाभरात अख्खं गाव आपले पूर्वज शोधायला आमच्या अंगणात आलं. जो तो भांडं उपडं करून वाचत होता. एका निवृत्त मास्तरांना त्यांच्या वडिलांनी दिलेली परात सापडली. ती त्यांनी चारी बाजूंनी फिरवून पाहिली आणि मला विचारलं, "याले पोचा कसा पडला?" त्या परातीच्या वेळी मी जन्मले नव्हते, तरी मीच माफी मागितली.

आणि एक जण असा निघाला की त्याचं भांडंच सापडेना. "आमच्या बाबाचा गडवा कुठी आहे?" तो विचारत राहिला. गडवा, म्हणजे तांब्या, शुक्रवारीच भंगारात गेला होता. मी शिकलेली बाई, पण भंगारात टाकताना नावं वाचली नव्हती. "सगळ्याईचे ठेवले, आमचाच काहून इकला?" तो उरलेली भांडी पुन्हा उपडी करून बघायला लागला. मला भयंकर लाज वाटली. शेवटी सायकलचं हँडल घेऊन त्यानं आम्हाला माफ केलं.

दुपारी अंगण स्वच्छ झालं. विक्री एकाही भांड्याची नाही.

"आई, सगळं फुकटात वाटून टाकलं तू!"

"ज्याचं त्याले गेलं," ती म्हणाली आणि निवांत पान लावत बसली. इतकी खुशीत मी तिला बाबा गेल्यापासून पाहिली नव्हती.

चार वाजता काकू परत आली. काखेत एक परात.

"हे तुमची घ्या. माह्या पोराच्या लग्नात तुमी देल्ली होती. आमचं आनलं अन् तुमचं ठेवलं, तं लोक काय म्हनतीन?"

झालं. काकूनं परत केलं म्हटल्यावर बाकीचे मागे राहतात होय? मास्तर डबा घेऊन आले, कोणी घंगाळ आणलं, कोणी भात शिजवायचा गंज. सकाळी मी एकवीस भांडी विकायला काढली होती. संध्याकाळी अंगणात सत्तावीस होती.

मी डोक्याला हात लावून बसले. आईनं मात्र ती सगळी ओळीनं मांडली आणि मला म्हणाली, "वाच."

मी वाचत गेले. यांजकडून आजोबांचं नाव, यांजकडून बाबांचं नाव. पुन्हा बाबांचं. पुन्हा बाबांचं.

"बजारात कोन गेलं? मी," आई म्हणाली. "वाजवून कोनं पाह्यलं? भाव कोनं केला? यष्टीत मांडीवर घेऊन कोनं आनलं? तुह्या बापाले तं कोनाचं लगन आहे हे मांडवात गेल्यावर समजे."

मी हसले. ती हसली नाही. मग माझंही हसू गेलं. मला बाबांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. त्या घरात वीस-बावीस वर्षं मी असली भांडी पुसून फळीवर लावली, वर्गात पोरींना समानता शिकवली, आणि हे मला कधी दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घराची किल्ली राइस मिलवाल्या नव्या मालकाला दिली आणि निघालो. माझ्या गाडीत मागं सत्तावीस भांडी प्रत्येक खड्ड्याला वाजत होती. लग्नाची वरात निघावी तसे आम्ही तुमसरातून गेलो. भंडाऱ्यात शिरल्यावर आई म्हणाली, "भांड्यायच्या दुकानापाशी थांब."

सत्तावीसच्या सत्तावीस तिनं मोडीत घातली. मागं वळून पाहिलं नाही. त्याबदल्यात नवा गंज घ्यायला मात्र तिनं दुकानदाराचा तासभर खाल्ला. अकरा गंज बोटानं वाजवले, दहा नाकारले, आणि अकरावा नाव टाकणाऱ्याच्या पुढं ठेवला. त्यानं मशीन सुरू केलं आणि पांढरे केस बघून सवयीनं विचारलं,

"कोनाच्या स्मरणार्थ टाकू, माय?"

"कोनी नाही मेलं. जित्या बाईचं नाव टाक. माह्यं." मग माझ्याकडं बोट केलं. "अन् घेनारी हे."

"प्रसंग काय लिहू? लगन? वास्तुपूजन?"

आईनं पदर नीट केला. "लिह्य, लेकीच्या घरी राहाले आली म्हून."

तो माणूस गोंधळून माझ्याकडं पाहायला लागला. त्याच्यापेक्षा मी गोंधळले होते.

"आणि खोली?" मी कशीबशी म्हणाले.

"खोली नाही हे मले पयल्याच दिवशी समजलं. तू लहानपनापासून खोटं बोलताना लय सामान जोडते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय करू? तुह्या दारात रिकाम्या हातानं येऊ का?"

मी त्या भर रस्त्यावर, ई-रिक्षांच्या गर्दीत, बावन्नाव्या वर्षी रडले. आईनं गंज माझ्या हातात दिला, त्याला पिशवीतलं कुंकू लावलं, उरलेलं माझ्या कपाळाला पुसलं आणि गाडीत जाऊन बसली. पट्टा तिला लागेना. मी वाकून लावून दिला, तेव्हा तिनं विचारलं,

"तुमच्या घरी तांदूळ कोनता खाता वं?"