सासऱ्यांची चाल, मूळ प्रतीबरहुकूम

माझ्या सासऱ्यांनी आजवर कुणावर हात उचललेला नाही. तशी गरजच पडली नाही. ते नुसते बघतात. पोलीस बँडमध्ये उभा जन्म ट्रंपेट वाजवलेला माणूस, भुवया केरसुणीसारख्या, आणि समोरचा बेसूर बोलला तरी (गायला नव्हे, नुसता बोलला तरी!) त्या भुवया वर चढतात. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण उदगीरला सासुरवाडीत शिरताना मी अजून उंबऱ्याबाहेर एकदा खाकरून घसा साफ करून घेतो.

अशा माणसासमोर मी बढाई मारली!

माझ्या मेहुणीचा, करुणाचा, साखरपुडा होता. जेवणं उरकली आणि मामा (सासऱ्यांना मी मामाच म्हणतो) पहिल्यांदाच माझ्यादेखत हळवे झाले. त्यांनी म्हणे एक चाल बांधली होती. नोकरीत असताना, एकेक ओळ जुळवत. कुणाला ऐकवली नव्हती. करुणाच्या पाठवणीला स्वतः वाजवायची म्हणून राखून ठेवली होती, आणि गेल्या वर्षी त्यांचे पुढचे दात गेले. कवळी लावून ट्रंपेट वाजत नाही. सूर राहतो आत आणि कवळी येते बाहेर.

"आता काय," मामा म्हणाले, "चाल हाय माझ्या डोस्क्यात. तशीच जायाची माझ्यासंगं."

"तुमच्या हाताखालचे बँडवाले हायत की आबा," सुजाता म्हणाली. सुजाता म्हणजे माझी बायको.

"तिघं नांदेडकडं, तिघं हितं उदगिरात. समद्यांना एका जागी बसवून शिकवायचं कवा? लिहून द्यावं तर मला आता दिसंना बी."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. तोंडात गुलाबजाम होता, म्हणजे गप्प बसायची सोयसुद्धा होती. तरी मी तो घाईघाईने गिळला आणि म्हणालो, "त्यात काय मामा! कंप्युटरवर सॉफ्टवेअर असतंय. एकदा चाल टाकली की प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा छापून निघतोय. ज्यानं त्यानं घरी बसवायचं, लग्नात एकत्र वाजवायचं. मी देतो की करून!"

भुवया चढल्या. "तुमाला येतंय?"

"हाव!" (लहानपणी मी दीड वर्ष पेटी शिकलो होतो. पुढे मास्तरांनीच गाव बदललं.)

"जावई," मामा सावकाश म्हणाले, "माझी एकच चाल हाय. बघा बरं."

त्या 'बघा बरं'चा घाम नांदेडला आमच्या घरी पोचलो तरी वाळला नाही.

पुढच्या रविवारी मी त्यांचं गुणगुणणं फोनमध्ये भरून आणलं. रोज सकाळी कचेरीत जायच्या आधी दोन तास लॅपटॉप उघडून बसायचं, फोनमधला एक सूर ऐकायचा, तो सॉफ्टवेअरच्या पाच रेघांवर ठेवायचा, तो चुकीच्या रेघेवर बसला की पुसायचा, आणि पुन्हा ऐकायचं. दुसऱ्या ओळीत मामा मध्येच खोकले होते. तिथे मी दीड मात्रेची विश्रांती लिहिली. खोकला घशातला होता की चालीतला, हे फोन करून विचारायची माझी छाती झाली नाही. दोन महिन्यांत ती चाल माझ्या हाडांत मुरली. मी दाढी करताना ती म्हणायचो, आणि शेजारचे खिडकी लावून घ्यायचे.

अखेर मूळ कागद तयार झाला. मग एक बटण दाबून मी सगळ्या वाद्यांचे सुटे कागद काढले आणि मूळ कागदाशी ताडायला बसलो.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. विष्णुपुरीला एका सरकारी कचेरीत मी नकला देण्याच्या टेबलावर बसतो. मूळ कागदाशी नक्कल ताडून पाहायची, खाली 'मूळ प्रतीबरहुकूम' लिहायचं आणि सही ठोकायची. बावीस वर्षांत माझ्या हातून टिंबाचा फरक सुटलेला नाही. आणि इथे तर अनर्थ! मूळ प्रत एक सांगतेय, सुटे कागद भलतंच. ट्रंपेटचे सगळे सूर एक पायरी वर चढलेले. सॅक्सोफोनचे तर कुठल्या कुठे. ओळीच्या आरंभी जाळीसारखी चिन्हं, एका कागदावर दोन, दुसऱ्यावर तीन. मूळ प्रतीत एकसुद्धा नाही!

"सुजाता, सॉफ्टवेअर नासलं!"

"मग आबाला विचारा."

"मामांना? त्यापेक्षा मी गोदावरीत उडी घेतो!"

"मग दुसऱ्या कुणा वाजवणाऱ्याला विचारा."

पण उदगीर-नांदेडमधला कुठलाही वाजवणारा मामांना ओळखतो, आणि त्याला सांगितलेलं संध्याकाळच्या आत मामांच्या कानावर जातं. म्हणून मी कुणालाच विचारलं नाही. एकेक बटण दाबत सुटलो. तिसऱ्या रविवारी असंच एक बटण दाबलं गेलं आणि चमत्कार झाला! जाळ्या गायब, चढलेले सूर खाली, सगळे कागद मूळ प्रतीसारखे. मी एकेक सूर बोट ठेवून ताडून पाहिला आणि सवयीने प्रत्येक कागदाखाली लिहिलं, 'मूळ प्रतीबरहुकूम'. सही केली. तारीखही टाकली.

लॅपटॉप घेऊन उदगीरला गेलो. कंप्युटरने चाल वाजवून दाखवली, अगदी बिनचूक. मामा डोळे मिटून ऐकत होते. मी श्वास धरून त्यांच्या भुवयांकडे बघत होतो.

"दुसऱ्या ओळीत हे थांबून का राहिलंय?"

"ते... तुमी तिथं खोकला होतात मामा."

मामांच्या भुवया एकदा वर जाऊन खाली आल्या. मग म्हणाले, "काढा ते. बाकी ठीक हाय."

मामांचं 'ठीक हाय' म्हणजे इतरांचं सुवर्णपदक. खोकला काढून मी कागद पुन्हा छापले आणि वाटले. ज्याने त्याने घरी बसून वाजवून पाहिलं आणि सगळ्यांचे फोन आले. अर्धापूरहून गफूरभाई म्हणाले, "जमाईबाबू, क्या चाल है! दिल खुश!" उदगीरचे सॅक्सोफोनवाले शेषराव म्हणाले, "लई गोड उतरलंय." माझी भीती पार गेली. तिथेच सावध व्हायला हवं होतं.

लग्नाच्या दिवशी नांदेडवाल्यांची जीप जळकोटजवळ पंक्चर झाली. तालीम राहिली बाजूला, ते पोचले तेव्हा पंगती उठल्या होत्या. गफूरभाई एका हातात ट्रंपेट आणि दुसऱ्या हातात केळीचा घड घेऊन उतरले, ते थेट पाठवणीलाच उभे राहिले. करुणा मामांचा हात धरून दारात होती. मामांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी मान हलवली, आणि सहा जणांनी एकदम सुरुवात केली.

तो आवाज मी कसा सांगू! ट्रंपेट एका गावाला, सॅक्सोफोन दुसऱ्या, युफोनियमचा तो मोठा भोंगा तिसऱ्याच. जो तो बिनचूक वाजवतोय आणि सगळे मिळून जत्रेत चेंगराचेंगरी झाल्यासारखं ऐकू येतंय. मांडवातली तान्ही पोरं एकदम रडायला लागली. नवरदेवाच्या गाडीचा ड्रायव्हर खाली उतरला आणि बॉनेट उघडून इंजिन बघायला लागला. एकटा ढोल तेवढा बरोबर होता, कारण त्याला सूर नसतो. मी मामांकडे बघितलं नाही. बघायची हिंमतच नव्हती. मी आपला ढोलाकडेच बघत राहिलो.

"रुको, रुको!" गफूरभाई ओरडले. त्यांनी शेषरावांचा कागद ओढून आपल्या कागदाशेजारी धरला. "जमाईबाबू, ये क्या? सगळ्यांचे कागद एकसारखे?"

"हो!" मी म्हणालो. अजूनही मला जरा अभिमानच होता. "टिंबाचा फरक न्हाई!"

गफूरभाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, ट्रंपेटचा सा येगळा, सॅक्सोफोनचा सा येगळा! कागद येगळे असले तर आवाज एक निघतो. तुमी कागद एक केले, म्हणून आवाज येगळा झाला!"

म्हणजे सॉफ्टवेअरने पहिल्याच दिवशी बरोबर करून दिलं होतं. बिघडवायला मी तीन रविवार खपलो होतो.

"कागद टाका," शेषराव म्हणाले. "कुणीतरी मूळ सुरात चाल म्हणा, कानानं उचलतो." लॅपटॉप नांदेडला घरी होता, म्हणून मी खिशातला फोन काढला. फोनमधली चाल आदल्या दिवशीच गेली होती. लग्नाच्या फोटोंना जागा हवी म्हणून सुजाताने ती पुसून टाकली होती! सगळे मामांकडे वळले.

मामांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. करुणाने त्यांचा हात आणखी घट्ट धरला आणि त्यांचा चेहरा असा काही हलला, की मला अकरा वर्षांत पहिल्यांदा कळलं, हा माणूसही घाबरतो. लेक निघाली होती, जन्मभर जपलेली चाल घशात अडकली होती, आणि तिचं मातेरं मी केलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जावई," ते कसेबसे म्हणाले, "तुमी म्हणा."

मांडवात चारशे माणसं. माझा आवाज म्हणजे पाणी संपलेल्या बोअरचा. पण मामांच्या सुरात ती चाल अख्खी ठाऊक असलेला दुसरा माणूस पृथ्वीवर नव्हता! मी डोळे मिटले आणि सुरू केलं. पहिली ओळ माझ्या मागून गफूरभाईंनी उचलली. दुसरी शेषरावांनी. तिसऱ्या ओळीला सहाही जण आले आणि चौथीला त्यांनी मला पार बुडवून टाकलं. मी तोंड मिटलं, पण चाल चालूच राहिली. काय चाल होती हो ती! लॅपटॉपवर दोन महिने ऐकूनसुद्धा मला ती कळली नव्हती. मी ढसाढसा रडलो.

गाडी गेल्यावर मामा माझ्याकडे आले. भुवया पार वर. मी जागच्या जागी थिजलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आवाज रेड्याचा हाय," ते म्हणाले. "पर चाल माझीच हाय."

महिन्याभराने लग्नाचा व्हिडिओ आला. मी गायला लागतो त्या क्षणापासून करुणा पदरात तोंड खुपसून हमसाहमशी रडताना दिसते. खांदे नुसते गदगदतायत! कचेरीत मी हे चौघांना तरी दाखवलं. म्हटलं, बघा, काळजातून गायलं की असं होतं. मग राहवलं नाही, करुणाला फोन लावला.

"खरंच इतकं लागलं का गं तुला माझं गाणं?"

पलीकडे आधी दार लावल्याचा आवाज आला.

"दाजी," ती म्हणाली, "कुणाला सांगू नका बरं का. सासरचे बघून राहिले होते, म्हणून पदर लावला. मी हसत होते."