ग्योतोकुचा ब्लूज आणि माझी घाबरगुंडी

किस्से कसे साचतात सांगू? इथे जपानमध्ये प्लॅस्टिकच्या कचऱ्याचा वार एकदा चुकला की पिशव्या गॅलरीत पडून राहतात. पुढच्या वेळी नक्की टाकू म्हणता म्हणता पाय ठेवायला जागा उरत नाही. आमच्या बँडच्या किश्श्यांचं तसंच झालंय. बरं, त्यात शौर्याचा एकही नाही. सगळे घाबरण्याचे, आणि बहुतेकांत घाबरणारी मीच!

तर आमचा बँड. टोकियोजवळच्या ग्योतोकुला एक सरकारी हॉल आहे, तिथल्या म्युझिक रूममध्ये दर मंगळवारी सकाळी दहा ते बारा आम्ही ब्लूज आणि सोल वाजवतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांनी सोसून सोसून केलेली ही गाणी, आणि आमच्याकडे ती गाणार कोण, तर कायोको-सान. वय अडुसष्ट, उंची माझ्या खांद्याइतकी, आवाज असा की खिडकीच्या काचा हलाव्यात. ड्रम्सवर रिटायर झालेले मोरी-सान, गिटार आणि पियानोवर त्यांच्याच वयाचे आणखी दोघे. बेसवर नाशिकची तनुजा. ती टोकियोत कोतोला राहते आणि ऑफिसची शिफ्ट बदलून घेऊन येते. आणि मागे उभी राहून नुसतं "ऊऽऽ" करणारी मी, स्नेहल. नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून इथे आलेली.

वर्षातून एकदा आम्ही एखाद्या दिवंगत गायकाच्या आठवणीत कार्यक्रम करतो. स्टेजवर त्याचा फोटो, आणि सगळी गाणी त्याचीच. यंदा मात्र कायोको-सानच्या गळ्यात गाठ निघाली आणि त्यांचं गाणं म्हणायची पाळी माझ्यावर आली. त्यांचा आवाज परत येईल की नाही, आणि मला ते गाणं झेपेल की नाही, या दोन धास्त्यांनी माझी झोप खाल्ली. पण आधीपासून सांगते.

*

पहिल्या दिवशी मी हॉलमध्ये गेले होते ती जपानी भाषेच्या वर्गाची चौकशी करायला. चुकून म्युझिक रूमचं दार उघडलं. आत चार म्हाताऱ्या माना वळल्या.

"या, या! काहीतरी गा!" कायोको-सान म्हणाल्या. तेवढं जपानी मला कळत होतं, हीच पंचाईत. पळून जायची हिंमत होत नव्हती म्हणून मी शाळेतली प्रार्थना म्हटली. शेवटची ओळ तर म्हटलीच नाही, नमस्कार करून मोकळी झाले.

त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "सूर ठीक. भीती एक नंबर. मंगळवारी दहाला ये."

भाषेचा वर्ग राहिला तो राहिलाच!

*

माझा पहिला कार्यक्रम. कायोको-सानचा एक नियम आहे. ज्याचं गाणं, त्याच्या फोटोसमोर आधी वाकायचं, मग गायचं. "न विचारता कुणाच्या घरात शिरतं का कुणी?" म्हणतात. जपानी लोक कमरेत अदबीने वाकले. माझी पाळी आल्यावर मला काय सुचावं? मी सरळ खाली वाकून नमस्कार केला. फोटो बुटक्या टेबलावर, त्यामुळे डोकं टेबलाखाली.

तेवढ्यात पहिल्या रांगेत बसलेली माझी नऊ वर्षांची ईरा जपानीत ओरडली, "भूकंप!" आणि खुर्चीखाली गेली. शाळेत दर महिन्याला टेबलाखाली शिरायची तालीम, दुसरं काय! मोरी-सान ड्रम्स टाकून दार उघडायला धावले, कारण दार अडकू नये. तनुजाने बेस छातीशी धरला आणि मला म्हणाली, "अगं बाहेर ये, बाहेर ये!" मी मात्र आत डोकं घालून बसले, म्हटलं सगळे म्हणतायत तर भूकंप असेलच.

अर्ध्या मिनिटाने कायोको-सान खाली वाकून म्हणाल्या, "तो दिवंगत आहे. तुला जायची घाई नाही."

*

घरी रियाज करायचा म्हणजे दुसरं संकट. अपार्टमेंटच्या भिंती म्हणजे नावाला. हेमंत, माझा नवरा, म्हणाला, "हळू गा." ब्लूज हळू गायचा म्हणजे फोडणी न तडतडता करायची. शेवटी मी गाद्यांच्या कपाटात शिरले, दार लावलं आणि गाद्यांमध्ये तोंड खुपसून आठवडाभर एक गाणं घोटलं. गाण्यात आहे काय, तर नवरा गेला, घर गेलं, पाऊस थांबत नाही. निम्मं गाणं नुसतं कण्हणंच.

सातव्या दिवशी दाराखालून चिठ्ठी आली. सुबक अक्षर, सुबक घडी. माझं धाबं दणाणलं. शेजाऱ्याची तक्रार म्हणजे मालकाचा फोन, मालकाचा फोन म्हणजे घर बदला! हेमंत ऑफिसातून येईपर्यंत मी चहासुद्धा घेतला नाही. त्याने बूटही न काढता चिठ्ठी वाचली, परत वाचली.

"काय लिहिलंय? सांग ना!"

"लिहिलंय की, तुमच्या घरी कुणी आजारी आहे असं वाटतं. दवाखान्यात न्यायला आमची गाडी आहे."

दुसऱ्या दिवशी मी शेजाऱ्यांना बेसनाचे लाडू देऊन आले. खरं कारण सांगायचा धीर झाला नाही. "आता बरं आहे" म्हटलं.

*

मग ती गाठीची बातमी. कायोको-सानने ती कशी सांगावी? मंगळवारी, अकरा वाजून दहा मिनिटांनी, दोन गाण्यांच्या मध्ये.

"पुढच्या आठवड्यापासून मी येणार नाही. गळ्यात गाठ आहे, ती काढणार आहेत. माझं गाणं स्नेहल म्हणेल. चला, दुसरं कडवं."

आणि मोरी-सानने काठ्या वाजवून ताल दिलासुद्धा! आपल्याकडे कशी रडारड झाली असती, चार जणींनी खुर्ची दिली असती, पाणी दिलं असतं. इथे सगळे चुपचाप दुसरं कडवं वाजवतायत. तनुजाचे तेवढे दोन सूर चुकले.

संपल्यावर मोरी-सान म्हणाले, यंदाचा कार्यक्रम बाहेरच्या कुणासाठी नको. आपल्या कायोकोसाठी करू. तिचा फोटो, तिची गाणी.

मी आणि तनुजा एकदमच किंचाळलो, "नको!" आजवर ज्याचा ज्याचा फोटो तिथे ठेवला, तो गेलेलाच होता ना हो! पण हे जपानीत कसं सांगायचं? मी म्हटलं, "आमच्याकडे हे अभद्र समजतात."

कायोको-सान पर्स बंद करत म्हणाल्या, "फोटो जरा तरुणपणीचा लावा."

*

ऑपरेशननंतर आठ दिवसांनी मी दवाखान्यात भेटायला गेले. त्यांना बोलायची सक्त मनाई. घाबरले की मी बडबडत सुटते, त्यामुळे तिथे शिरल्यापासून अखंड चालू. ईराची शाळा, ट्रेन, भेंडीचे भाव, सगळं. त्यांनी वही ओढली आणि माझ्यासाठी मुद्दाम सोप्या अक्षरांत लिहिलं, "बोलायची बंदी मला आहे. ऐकायची लावून घेऊ का?"

मी हसले आणि हसता हसता मला रडू कोसळलं. विचारून टाकलं, "आवाज येईल ना परत?"

त्यांनी पेन टेकवलं. लिहिलं, "माहीत नाही. शुक्रवारी रिपोर्ट." ती अक्षरं वेडीवाकडी आली होती. त्यांनाही भीती वाटते हे मला त्या दिवशी कळलं.

*

शुक्रवारी बँडच्या ग्रुपवर एक शब्द नाही. शनिवारी नाही. फोन करायची माझी छाती झाली नाही. रविवारी दुपारी कार्यक्रम, आणि नेमकी त्याच दिवशी वाऱ्यामुळे पुलावर ट्रेन थांबली. मी धापा टाकत हॉलमध्ये पोचले तेव्हा सगळे जागेवर बसलेले. मोरी-सानने मान हलवली, चल म्हणून.

मी स्टेजवर चढले आणि फोटोकडे पाहिलं.

फोटोला हार! झेंडूचा, चांगला जाडजूड, दोन्ही बाजूंनी खाली आलेला.

तनुजाकडे पाहिलं तर ती पांढरीफटक, डोळ्यांतून धारा. म्हणजे खरंच. म्हणजे शुक्रवारीच. आणि हे लोक बसलेत शांत! तेवढ्यात ताल सुरू झाला. विचारायचं कुणाला आणि कधी? मी फोटोसमोर वाकले आणि उभी राहून गायले. काय गायले ते विचारू नका. आवाज फाटत होता, फाटू दिला. पाठीमागे "ऊऽऽ" करणारं कुणी नव्हतं, तेही मीच केलं. कायोको-सान, तुम्ही मला न विचारता गेलात, एवढंच डोक्यात. गाणं संपलं तेव्हा हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज येत होते.

मग शेवटच्या रांगेतून टाळ्या आल्या. मास्क लावलेली, टोपी घातलेली एक बुटकी बाई उभी राहून एकटीच टाळ्या वाजवत होती.

तनुजाने बेससकट उडी मारली. मी खालीच बसले. दवाखान्यातून दोन तासांची सुट्टी मिळवून टॅक्सीने आल्या होत्या त्या!

"मोरी-सान, हा हार?" मी जवळजवळ ओरडलेच.

मोरी-सान बिचारे गोंधळले. "तुमच्या घरी नाही का, भिंतीवर तुमच्या सासऱ्यांचा हार घातलेला फोटो? मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, आम्ही यांना खूप मानतो. म्हटलं, कायोकोलाही तसाच मान द्यावा. इंडियन दुकानातून मुद्दाम आणला. प्लॅस्टिकचा आहे, सुकणार नाही."

तनुजाने हार म्हणजे काय ते सगळ्यांना समजावून सांगितलं. आणि मग हॉल असा हसला की मोरी-सानना ड्रम्समागे लपावं लागलं. कायोको-सान तर खांदे हलवून हलवून, आवाज न करता हसत होत्या. मी त्यांचे दोन्ही हात धरले.

"रिपोर्ट काय आला?"

त्यांनी हळूच एक हात सोडवून घेतला, पर्समधून वही काढली आणि माझ्यासाठी सोप्या अक्षरांत लिहिलं,

"रिपोर्ट म्हणतो, जायची घाई नाही. खरा हार घालाल, त्या दिवशीही असंच गा."