तंबोरा जुळेपर्यंत

कर्वेनगरातल्या माझ्या गाण्याच्या क्लासात एक नियम होता: तंबोरा जुळल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही. नियम अर्थातच माझा. त्या काळी मला स्वतःबद्दल फार आदर होता.

दर बुधवारी मी तंबोरा मांडीवर आडवा घेऊन रिक्षाने खडकीला जायची. तिथल्या फॅक्टरीच्या क्वार्टर्समधल्या बायकांना गाणं शिकायचं होतं. पाणी भरून झाल्यावर आणि पोरं शाळेतून यायच्या आत त्यांना जेमतेम तास मिळे. त्यातला अर्धा मी खुंट्या पिळण्यात घालवायची. हिंजवडीत नोकरीला लागलेल्या माझ्या मुलाने पहिल्या पगारातून इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला होता, बटण दाबलं की सूर सुरू. मी त्यावर क्रोशाचा रुमाल घालून तो शोकेसमध्ये बसवला. डब्यातून लाडू निघतात, सूर नाही, असं माझं मत होतं.

बुद्धपौर्णिमेला वसाहतीच्या स्टेजवर या बायकांचं पहिलं गाणं ठरलं. एरवी गायला बाहेरची मंडळी यायची आणि या खुर्च्या लावायच्या. त्यांच्यातल्या एका ताईंनी कमिटीशी भांडून भाषणांच्या आधीची दहा मिनिटं मिळवली होती. आज फसलं तर परत खुर्च्याच, हे त्यांनी मला आधीच बजावलं होतं.

मी काय केलं? स्टेजवर मांडी ठोकली आणि तंबोरा जुळवायला घेतला. मे महिन्याचा उकाडा, रिक्षात तापलेला भोपळा. तार चढवली की उतरे. सूत्रसंचालक खोकला. मी डोळे मिटूनच त्याला हाताने थांबवलं. काय तो रुबाब!

शेवटी ताई माझ्या कानाशी वाकल्या. "मॅडम, तुमचं चालू द्या. तोवर आम्ही गाऊन घेतो."

आणि गायल्या. माझ्या पट्टीपेक्षा चांगल्याच खालच्या, मोकळ्या, भरदार आवाजात. मी घाईघाईने तारा उतरवत त्यांच्या मागे धावले. टाळ्या पडल्या, 'अजून एक' अशी मागणी झाली, भाषणं लांबणीवर पडली, तरी मी खुंटीशीच. घरी येताना, गाणं ऐकायला आलेल्या आमच्या ह्यांनी एवढंच विचारलं, "जुळला का?"

पुढच्या बुधवारी मी डब्यावरचा रुमाल काढला. पण हट्टाने तंबोराही नेला. ताईंनी दारातच दोन्हींकडे पाहिलं.

"डबा इकडे द्या," त्या म्हणाल्या. "तंबोरा तुमच्याजवळच असू द्या, मॅडम. तुमच्या हातांना चाळा लागतो."