दुधाळ की तांबूस

नेपरव्हिलहून शिकागोला जाणाऱ्या ट्रेनमध्ये शेजारच्या काकूंनी पर्समधून सराफी भिंग काढलं आणि फोनवर फुलांचे फोटो दाखवले. काकांच्या कॅन्सरच्या वेदनांसाठी, औषधापुरता गांजा लावायची परवानगी देणारं सरकारी मेडिकल कार्ड काढून, त्यांनी बेसमेंटमध्ये गांजा लावला होता.

"फुलावरचे हे बारीक दाणे भिंगातून बघायचे. दुधाळ दिसले की दुखणं थांबवतात, माणूस जागा राहतो. तांबूस होऊ दिले तर डाराडूर झोपवतात." भाजीवाल्याकडे भेंडी मोडून बघणारीचा ठामपणा होता त्या आवाजात.

मी उगाच शहाणपणा केला. "मग तांबूस होऊ द्या ना, काकांना झोप तरी लागेल."

भिंग पदराला पुसावं तसं ओढणीला पुसत त्या म्हणाल्या, "मागच्या खेपेला झोपवलं की. आता त्यांचे दिवस थोडे राहिलेत. दाणे दुधाळ आहेत तोवर, उद्याच कापणार. मला त्यांच्याशी गप्पा मारायच्यात."