लाल ओळ वाचणाऱ्या अक्का

"आधी वाच. घाबरायचं नंतर."

कुणाच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत चूक उमटली, की अक्का चष्मा कपाळावर सरकवून, खुर्ची ओढून शेजारी बसायच्या आणि एवढंच म्हणायच्या. जळगावात औषधांच्या एका दुकानाच्या वर आमचं चार-पाच जणांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. वयानं मोठ्या म्हणून त्या सगळ्यांच्या अक्का.

दमलेली आणि तरीही तसं न सांगणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. अक्का मात्र सांगायच्या. भुसावळहून आल्या की पर्स टेबलावर टाकून म्हणायच्या, "संपला बाई एकदाचा आजचा दिवस!" तेव्हा ऑफिसात अजून झाडूही फिरलेला नसायचा. घरी त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती. दिवसा एक बाई यायची, रात्र अक्कांची.

धुळ्याच्या कर्णबधिर मुलांच्या एका शाळेचं काम आमच्याकडे आलं होतं. वेबपानावरच्या शब्दावर मुलांनी क्लिक केलं, की त्या शब्दाची खूण दाखवणारा व्हिडिओ उघडायला हवा होता. त्यासाठी ब्राउझरला जोडायचं छोटं एक्स्टेन्शन आम्ही लिहीत होतो. व्हिडिओ होते दुसऱ्याच एका संस्थेच्या सर्व्हरवर. तिकडे शब्द पाठवला, की लाल ओळ हजर: परक्या साइटकडची मागणी अडवली.

मी सर्व्हरला शिव्या घालत होते. अक्का म्हणाल्या, "त्यानं उत्तर दिलंय गं. ब्राउझर ते आपल्या हाती पडू देत नाही. त्याला वाटतंय, हे समोरचं पानच मागतंय."

आठवडा असाच गेला. उद्या शाळेत दाखवायचं होतं. मालक म्हणाले, "शाळेच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरची ती तपासणीच बंद करून टाकू. कुणाला कळतंय?"

"नाही, भाऊ," अक्का म्हणाल्या. "मुलं त्याच मशीनवर बाकीचंही सगळं उघडणार. दारच काढून ठेवलं तर कसं चालेल?"

"मग उद्या काय दाखवायचं?"

अक्का दोन्ही हातांत डोकं धरून बसल्या. मला वाटलं, डोळा लागला. मग सरळ झाल्या. आमच्या कोडचा जो भाग पानात शिरून काम करायचा, त्यातून त्यांनी मागणीच काढून टाकली. त्यानं फक्त शब्द कळवायचा. मागणी करायची ती एक्स्टेन्शनच्या मागे चालणाऱ्या भागानं, आणि त्याला त्या एका सर्व्हरपुरती परवानगी लिहून दिली. तरी उत्तर रिकामंच आलं. अक्कांनी डोळे मिटले. "उत्तर यायच्या आत आपणच पानाकडे परत जाणाऱ्या निरोपाची वाट बंद करतोय," म्हणाल्या आणि ती वाट उघडी ठेवणारी एक ओळ वाढवली.

व्हिडिओ उघडला. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. अक्कांनी पर्स उचलली. "जाते. आई वाट बघत असेल."

दुसऱ्या दिवशी धुळ्याला एका मुलीनं 'ढग' या शब्दावर क्लिक केलं. व्हिडिओ पाहिला, परत पाहिला, शेजारणीला कोपरानं ढोसलं आणि दोघी खिडकीतून वर बघायला लागल्या. मागच्या बाकावरून अक्का मला हळूच म्हणाल्या, "पाहिलंस?" त्यांचे डोळे भरून आले होते की जागरणानं चुरचुरत होते, ते मला सांगता येणार नाही.

उन्हाळ्यात आईचं दुखणं वाढलं आणि अक्कांनी नोकरी सोडली. निरोप समारंभ नको म्हणाल्या. "भाषण ऐकत बसायचीसुद्धा ताकद नाही गं."

काही महिन्यांनी त्या संस्थेनं सर्व्हर बदलला आणि शाळेतलं सगळं बंद पडलं. तिथल्या बाईंचा फोन आला. मी लगेच अक्कांना फोन लावला.

"बोल गं," म्हणाल्या, आणि मी तोंड उघडणार तोच, "थांब हं जरा."

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. मग पलीकडून त्यांच्या आईचा. ती पिंपळनेरकडची, अहिराणी बोली सुटलेली नव्हती. "बठ्ठं पानी सांडी गयं ना व माय!"

"सांडू दे. आखो शे," आणखी आहे पाणी, असं अक्काही तिच्याच बोलीत म्हणाल्या.

चादर झटकल्याचा आवाज आला, भांड्याचा आला, आणि मग अक्का काहीतरी गुणगुणायला लागल्या. ऑफिसात इतक्या वर्षांत त्यांना गुणगुणताना मी ऐकलं नव्हतं. माझा फोन चालू आहे, हे त्या विसरल्या होत्या.

मी बराच वेळ ऐकत राहिले. मग फोन हळूच बंद केला आणि धुळ्याच्या बाईंना कळवलं, मी बघते, होईल.